विश्लेषण : तेलविहिरीतील पंप कधी बंद पडणार, हे आधी कळू शकते का?

भारताला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल परदेशातून येते. त्यामुळे देशात कुठे नवा साठा सापडला की त्याची मोठी बातमी होते. मात्र सापडलेले तेल रोज वर येत राहणे हे एका वेगळ्याच गोष्टीवर अवलंबून असते. जमिनीखाली किंवा समुद्रतळाखाली शेकडो-हजारो मीटरवर बसवलेली यंत्रे न बिघडता किती काळ चालतात, यावर ते ठरते. ही यंत्रे डोळ्यांना दिसत नाहीत, हाताला लागत नाहीत आणि बिघडली तर वर काढल्याशिवाय दुरुस्त होत नाहीत. म्हणूनच तेलविहिरीतील उपकरणांची विश्वासार्हता हा अभियांत्रिकी संशोधनाचा स्वतंत्र विषय बनला आहे. त्यात धातू आणि विजेइतकाच संख्याशास्त्राचा वाटा आहे. या संशोधनाने काय शिकवले आणि मुंबई हायसारख्या जुन्या क्षेत्रांसाठी त्याचे महत्त्व काय, याचा आढावा.

विहिरीला पंप का लागतो?

नव्या विहिरीत बहुतेकदा खडकातील नैसर्गिक दाबामुळे तेल आपोआप वर येते. जसजसे तेल आणि वायू काढले जातात, तसतसा हा दाब कमी होतो. त्याच वेळी तेलाबरोबर येणाऱ्या पाण्याचे प्रमाण वाढत जाते. पाणी तेलापेक्षा जड असल्याने विहिरीतील द्रवाचा स्तंभ जड होतो आणि खालचा दाब त्याला वर ढकलण्यास अपुरा पडू लागतो. खडकात भरपूर तेल शिल्लक असूनही विहीर थंडावते. अशा वेळी तेलाला बाहेरून मदत द्यावी लागते. जगातील उत्पादन देणाऱ्या बहुसंख्य तेलविहिरी आज अशा कृत्रिम उपशावरच चालतात.

त्याचे तीन प्रकार सर्वाधिक प्रचलित आहेत. पहिला सकर रॉड पंप. गुजरातमध्ये मेहसाणा परिसरात शेतांच्या मधोमध मान वर-खाली करणारी यंत्रे दिसतात, ती याच पंपांची. दुसरा विजेवर चालणारा बुडता पंप म्हणजे ‘ईएसपी’. घरच्या बोअरवेलमधील सबमर्सिबल पंपाचा हा थोरला भाऊ म्हणता येईल. तिसरा प्रकार गॅस लिफ्ट. यात विहिरीत पंपच नसतो. उच्च दाबाचा वायू खाली सोडून तेलाचा स्तंभ हलका केला जातो आणि मग तो वर येतो.

ही यंत्रे नेमकी कशामुळे बिघडतात?

सकर रॉड पंपात जमिनीवरील यंत्रापासून तळातील पंपापर्यंत पोलादी सळ्यांची लांबच लांब साखळी असते. प्रत्येक हेलकाव्याला या सळ्यांवर ताण वाढतो आणि कमी होतो. मिनिटाला सहा हेलकावे धरले तरी वर्षाला ते ३१ लाखांहून अधिक होतात. एकदा वाकवून न तुटणारी तार वारंवार वाकवली की तुटते, त्याच न्यायाने सळ्या ‘थकतात’. त्यात खारे पाणी आणि वायूंमुळे गंज चढला की लहानशा खड्ड्यापासून तडा सुरू होतो. विहीर सरळ नसेल तर सळ्या नळीला घासून दोन्ही झिजतात.

ईएसपीची गोष्ट वेगळी. रशियन साम्राज्यातील तिफ्लिस, म्हणजे आजचे तिबिलिसी, येथे जन्मलेल्या आर्माइस अरुटुनॉफ या अभियंत्याने अमेरिकेत जाऊन १९२०च्या दशकाच्या अखेरीस हा पंप तेलविहिरीत यशस्वी करून दाखवला. त्याने स्थापन केलेल्या ‘रेडा’ कंपनीचे नाव तेल उद्योगात आजही घेतले जाते. या पंपात एकावर एक बसवलेली अनेक चक्रे, त्याखाली मोटरमध्ये पाणी शिरू न देणारा सीलचा भाग आणि सर्वांत खाली मोटर अशी रचना असते. हे सारे विहिरीच्या अरुंद पोलादी नळीत मावावे लागते. त्यामुळे यंत्र काही इंच जाड, पण कित्येक मीटर लांब असते. वीज पुरवणारी केबल उत्पादनाच्या नळीला पट्ट्यांनी बांधून खाली सोडली जाते.

यातील प्रत्येक जोड हा कच्चा दुवा ठरू शकतो. केबल खाली सोडताना खरचटली तर काही दिवसांत शॉर्ट होते. सील गळले की विहिरीतील पाणी मोटरमध्ये शिरते. वाळू आली की चक्रे झिजतात, क्षार साचले की मार्ग तुंबतो. वायूचा मोठा बुडबुडा आला तर पंप रिकामा फिरतो. मोटर थंड राहते ती तिच्याभोवतून वाहणाऱ्या द्रवामुळेच. त्यामुळे प्रवाह थांबला की मोटर तापते. विद्युतरोधक आवरणाबाबत अभियंत्यांचा ढोबळ नियम असा, की तापमान दर दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते.

एक पंप बंद पडल्याने इतके काय बिघडते?

पंपाच्या किमतीपेक्षा तो बाहेर काढण्याचा खर्च अनेकदा मोठा असतो. त्यासाठी विहिरीवर वर्कओव्हर रिग आणावी लागते, विहीर सुरक्षितपणे बंद करावी लागते, संपूर्ण नळी तुकड्या-तुकड्याने वर काढावी लागते. जमिनीवर हे काम काही दिवसांचे असते. समुद्रात मात्र रिग उपलब्ध होईपर्यंत आठवडे, प्रसंगी महिने जातात. पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रामुळे वेळापत्रक आणखी लांबते.

समजा, एक विहीर दिवसाला ५०० बॅरल तेल देते आणि रिगसाठी ६० दिवस थांबावे लागले, तर ३० हजार बॅरल तेल वेळेवर मिळत नाही. ते खडकातच राहते, नष्ट होत नाही, असा युक्तिवाद होतो. पण त्या काळात तितके तेल आयात करावे लागते. शिवाय बंद पडलेल्या प्रत्येक विहिरीला पूर्वीचा प्रवाह परत मिळतोच असे नाही. विहीर जितकी जुनी आणि तिचे उत्पादन जितके कमी, तितका दुरुस्तीचा खर्च परवडेनासा होतो. त्यामुळे पंप वारंवार बिघडणारी विहीर तेल शिल्लक असतानाही कायमची सोडून द्यावी लागू शकते.

‘सरासरी आयुष्य’ हा आकडा फसवा का ठरतो?

पंप खरेदी करताना व्यवस्थापनाचा पहिला प्रश्न असतो, तो सरासरी किती दिवस टिकतो? हा प्रश्न साधा वाटला तरी उत्तर चुकण्याची शक्यता मोठी असते. एक कल्पित उदाहरण घेऊ. एका क्षेत्रात एकाच दिवशी दहा पंप बसवले. पाचशे दिवसांनी हिशेब केला तेव्हा चार पंप अनुक्रमे १००, २००, ३०० आणि ४०० दिवसांनी बिघडले होते. उरलेले सहा अजून चालू होते. फक्त बिघडलेल्या पंपांची सरासरी काढली तर आयुष्य २५० दिवस येते. या आकड्यावर विसंबून कोणी पंपाचा पुरवठादार बदलला, तर तो निर्णय चुकीचा ठरू शकतो. कारण दहापैकी सहा पंप त्याच्या दुप्पट काळ चालूनही ठणठणीत आहेत.

योग्य हिशेबात चालू पंपांचे दिवसही धरावे लागतात. बिघडलेल्या चौघांचे मिळून १,००० दिवस आणि चालू सहांचे ३,००० दिवस, असे एकूण ४,००० दिवसांत चार बिघाड. म्हणजे सरासरी १,००० दिवसांना एक बिघाड. त्याच पंपांचा, त्याच दिवशीचा हिशेब. पण उत्तर चौपट. ज्यांचा शेवट अजून पाहिलेला नाही, अशांची माहितीही मोजणीत घेणे हे या शास्त्राचे मर्म आहे. कर्करोगाच्या उपचारानंतर रुग्ण किती काळ जगतात, याचा अभ्यास करणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न असतो. त्यासाठी एडवर्ड कॅपलन आणि पॉल मायर यांनी १९५८ मध्ये मांडलेली पद्धत रुग्णालयांप्रमाणेच तेलक्षेत्रांतही वापरली जाते.

यंत्र जुने झाले की बिघडणारच, हे खरे नाही का?

सर्वसाधारण समज असा, की यंत्र नवे असताना थोडा त्रास देते, मग अनेक वर्षे नीट चालते आणि अखेरीस झिजून बिघडू लागते. आलेख काढला तर तो न्हाणीघरातील टबासारखा दिसतो, म्हणून त्याला ‘बाथटब वक्र’ म्हणतात. अमेरिकेतील युनायटेड एअरलाइन्सचे अभियंते स्टॅन्ली नोलन आणि हॉवर्ड हीप यांनी १९७८ मध्ये विमानांच्या भागांवरील अहवालात या समजाला धक्का दिला. त्यांनी तपासलेल्या भागांपैकी केवळ चार टक्के भागांचा आलेख टबासारखा होता. ६८ टक्के भागांत बिघाडाचा धोका सुरुवातीला जास्त होता, नंतर तो कमी होऊन स्थिर राहिला. वाढत्या वयाबरोबर स्पष्टपणे झिजत न जाणारे भाग एकूण ८९ टक्के होते.

तेलविहिरीतील पंप म्हणजे विमान नव्हे. वाळू आणि गंज असलेल्या विहिरीत झीज होतेच. मात्र नवा पंप बसवताच काही दिवसांत बंद पडण्याचा अनुभव तेलक्षेत्रांतही परिचयाचा आहे. त्यामागे बहुधा केबल खरचटणे, जोड नीट न बसणे, विहिरीसाठी चुकीच्या क्षमतेचा पंप निवडणे किंवा सुरू करताना घाई होणे अशी कारणे असतात. म्हणजे दोष यंत्रात असण्याऐवजी निवडीत किंवा बसवण्याच्या कामातही असू शकतो.

हे ओळखण्यासाठी स्वीडनचे अभियंते वालोडी वायबुल यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेले सूत्र उपयोगी पडते. बिघाडांच्या नोंदी त्यात बसवल्या की ‘आकार’ दर्शवणारा एक आकडा मिळतो. तो एकपेक्षा कमी असेल तर बिघाड सुरुवातीचे, एकच्या जवळ असेल तर योगायोगाचे आणि एकपेक्षा जास्त असेल तर झिजेमुळे होणारे समजावेत. यावर थेट पैशांचा निर्णय ठरतो. झीज असेल तर पंप बिघडण्याआधी ठरावीक मुदतीला बदलणे शहाणपणाचे. पण बिघाड सुरुवातीचे असतील, तर नीट चालणारा पंप काढून नवा बसवणे म्हणजे धोका विकत घेणे. तिथे पैसा बसवणाऱ्या चमूच्या प्रशिक्षणावर आणि तपासणीवर खर्च व्हायला हवा.

बिघाडांची माहिती जमा कोण करते?

कोणत्याही एका कंपनीकडे सर्व प्रकारच्या विहिरींचा पुरेसा अनुभव नसतो. म्हणून नॉर्वेत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘ओरेडा’ हा प्रकल्प सुरू झाला. समुद्रातील तेल उत्पादनात असलेल्या, एरवी एकमेकींच्या स्पर्धक कंपन्यांनी आपल्या उपकरणांच्या बिघाडांची माहिती एकत्र ठेवण्याचे ठरवले. त्याची पहिली पुस्तिका १९८४ मध्ये निघाली. या अनुभवातून पुढे ‘आयएसओ १४२२४’ हे आंतरराष्ट्रीय मानक तयार झाले. बिघाड कशाला म्हणायचे, तो कोणत्या शब्दांत नोंदवायचा, हे त्यात ठरवून दिले आहे. ईएसपीसाठी कॅनडातील एडमंटन येथील ‘सी-फर टेक्नॉलॉजीज’ या संस्थेने तेल कंपन्यांना एकत्र आणून असाच सामाईक माहितीसाठा उभारला.

शब्द ठरवण्याला एवढे महत्त्व का? कारण विहिरीवरील नोंदवहीत ‘पंप खराब’ एवढेच लिहिलेले असेल, तर त्यातून काही शिकता येत नाही. पंप वर का काढला, कोणता भाग निकामी झाला, तो कसा निकामी झाला आणि मुळात कशामुळे, हे चार वेगळे प्रश्न आहेत. मोटर जळाली हे दिसते. पण ती सील गळल्यामुळे जळाली आणि सील वाळूमुळे झिजले, हे पंप उघडून तपासल्यावरच कळते. अनेकदा पंप पुरवठादार विहिरीला दोष देतो आणि कंपनी पंपाला. दोघांसमोर यंत्र उघडून केलेली तपासणी आणि ठरलेल्या भाषेतील नोंद हाच हा वाद मिटवण्याचा मार्ग.

मुंबई हायमध्ये काय स्थिती आहे?

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर अरबी समुद्रात असलेले मुंबई हाय १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगने शोधले आणि १९७६ मध्ये तेथून उत्पादन सुरू झाले. १९८५ मध्ये दिवसाला सुमारे ४ लाख ७० हजार बॅरलपर्यंत पोहोचलेले उत्पादन आता १ लाख ३५ हजार बॅरलच्या आसपास आले आहे. हे क्षेत्र वयोवृद्ध झाले असले तरी देशासाठी महत्त्वाचेच आहे. तिथले उत्पादन वाढवण्यासाठी ‘ओएनजीसी’ने जानेवारी २०२५ मध्ये ‘बीपी’ या कंपनीची तांत्रिक सेवा पुरवठादार म्हणून निवड केली.

मुंबई हायमधील विहिरी प्रामुख्याने गॅस लिफ्टवर चालतात. विहिरीत फिरणारे भाग नसल्याने तिथले बिघाड कमी होतात. खालच्या झडपा रिग न आणता बारीक तारेने बदलता येतात. समुद्रात हा मोठा फायदा आहे. पण धोका नाहीसा होत नाही, फक्त जागा बदलतो. वायूला दाब देणारे कॉम्प्रेसर प्लॅटफॉर्मवर असतात आणि एक कॉम्प्रेसर अनेक विहिरींना वायू पुरवतो. ईएसपी बिघडला तर एक विहीर थांबते, कॉम्प्रेसर थांबला तर एकाच वेळी अनेक विहिरींचे उत्पादन घसरते. म्हणून अशा ठिकाणी राखीव कॉम्प्रेसर आणि त्याची देखभाल हाच कळीचा मुद्दा ठरतो.

बिघाडाचा संबंध केवळ उत्पादनाशी आहे का?

नाही. पंप बंद पडला तर ते लगेच कळते. सुरक्षेची उपकरणे मात्र वर्षानुवर्षे काहीच करत नाहीत, गरज पडेल त्या क्षणी त्यांनी काम करायचे असते. त्यांच्यातील बिघाड दडून राहतो. विहिरीत समुद्रतळाखाली बसवलेली सुरक्षा झडप हे त्याचे उदाहरण. तिची रचना अशी असते, की वरून येणारा द्रवदाब तिला उघडी धरून ठेवतो. प्लॅटफॉर्मवर काही अघटित घडून तो दाब गेला, की ती स्प्रिंगच्या जोराने आपोआप मिटते. पण क्षार किंवा मेण साचून ती अडकली असेल, तर चाचणी केल्याशिवाय समजणार नाही. म्हणून तिची ठरावीक काळाने चाचणी बंधनकारक मानली जाते.

अमेरिकेजवळ मेक्सिकोच्या आखातात २० एप्रिल २०१० रोजी मकोंडो विहिरीतून तेल आणि वायू उसळले. ‘डीपवॉटर होरायझन’ रिगवरील ११ जणांचा मृत्यू झाला. विहिरीच्या तोंडावर बसवलेली, नळी कापून विहीर बंद करणारी यंत्रणा तेव्हा निष्फळ ठरली. अमेरिकी रासायनिक सुरक्षा मंडळाच्या २०१४ मधील अहवालात धक्कादायक बाब समोर आली. या यंत्रणेच्या एकमेकींना पर्याय असलेल्या दोन्ही नियंत्रण पेट्यांत वायरिंगच्या चुका होत्या. एकीची बॅटरी त्यामुळे संपून गेली होती. पर्यायी व्यवस्था असल्यामुळे नेहमीच्या चाचण्यांत हे दोष झाकले गेले. अखेर यंत्रणेने हालचाल केली, तेव्हा दाबामुळे नळी वाकून कापणीच्या पात्यांच्या मधून बाजूला सरकली होती. दोन-दोन व्यवस्था असल्या म्हणजे सुरक्षा दुप्पट, हा समज किती कच्चा असू शकतो, हे यातून दिसले.

मुंबईजवळ काय घडले होते?

२६ जुलै २००५ चा महापूर मुंबईकर विसरलेले नाहीत. दुसऱ्याच दिवशी समुद्रात ‘मुंबई हाय नॉर्थ’ प्लॅटफॉर्मला आग लागली. ‘समुद्र सुरक्षा’ या जहाजावरील एका स्वयंपाक्याच्या बोटांना इजा झाली होती. खराब हवामानामुळे हेलिकॉप्टर उड्डाण शक्य नसल्याने त्याला उपचारांसाठी प्लॅटफॉर्मवर हलवण्याचे ठरले. जहाजाची दिशा सांभाळणाऱ्या थ्रस्टरमध्ये अडचण आल्याने ते हाताने नियंत्रित करत जवळ आणले गेले. उंच लाटांमुळे त्याचे हेलिपॅड गॅस लिफ्टचा वायू वाहणाऱ्या उभ्या वाहिन्यांवर आदळले. वायू पेटला आणि सुमारे दोन तासांत प्लॅटफॉर्म नष्ट झाला. ३६२ जणांना वाचवण्यात यश आले, २२ जणांचा जीव गेला.

या घटनेत एकच उपकरण दोषी नव्हते. थ्रस्टरमधील अडचण, पावसाळी समुद्र, वाहिन्यांची उघडी जागा आणि एका जखमी माणसाला मदत करण्याचा योग्यच निर्णय, हे सारे एका रेषेत आले. म्हणून विश्वासार्हतेचा अभ्यास यंत्रापाशी थांबत नाही. यंत्र बिघडले तर पुढे काय काय होऊ शकते, तिथपर्यंत तो न्यावा लागतो.

सेन्सर आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने प्रश्न सुटेल?

काही प्रमाणात. नव्या ईएसपीमध्ये तळाचा दाब, मोटरचे तापमान आणि कंपने मोजणारे सेन्सर असतात. सकर रॉड पंपात सळीवरील भाराचा आलेख हृदयाच्या ईसीजीसारखा वाचला जातो. त्यावरून हजार मीटर खालच्या पंपात काय चालले आहे, हे काढण्याची गणिती पद्धत सॅम गिब्स यांनी १९६३ मध्ये मांडली होती. आज तेच काम संगणकीय प्रणाली एकाच वेळी शेकडो विहिरींसाठी करू शकतात. पंपात वायू शिरतो आहे किंवा मार्ग तुंबतो आहे, हे वेळीच कळले तर वेग कमी करून त्याचे आयुष्य वाढवता येते.

मर्यादाही स्पष्ट आहेत. सेन्सरही त्याच उष्णतेत आणि दाबात काम करतो आणि अनेकदा पंपाच्या आधी तोच बंद पडतो. खोटे इशारे वारंवार येऊ लागले, की कर्मचारी खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष करतात. शिवाय प्रणाली शिकते ती जुन्या नोंदींवरून. त्या नोंदीच ‘पंप खराब’ एवढ्यावर संपत असतील, तर संगणकही त्यापलीकडे जाऊ शकत नाही.

मग कधी बंद पडणार, हे सांगता येते का?

एखादा ठरावीक पंप कोणत्या दिवशी थांबेल, हे सांगता येत नाही. पण शंभर पंपांपैकी पुढच्या वर्षी साधारण किती थांबतील, त्यासाठी किती सुटे भाग आणि रिगचे किती दिवस हाताशी ठेवावे लागतील, हे बऱ्याच विश्वासाने सांगता येते. विमा कंपनी जसे एका व्यक्तीचे आयुष्य सांगू शकत नाही, पण हजारो व्यक्तींचा हिशेब मांडू शकते, तसेच हे आहे. जुन्या तेलक्षेत्रांत नवी विहीर खोदण्यापेक्षा आहे ती विहीर सहा महिने अधिक चालवणे अनेकदा स्वस्त पडते. त्यासाठी पहिली गरज महागड्या यंत्रणेची नसते. पंप वर आला की तो भंगारात न टाकता उघडून पाहणे आणि काय दिसले ते नीट लिहून ठेवणे, एवढ्यापासून सुरुवात होते.